बंदुकीचे तेल

बंदुकीचे तेल : नळीतील मळी सोडवणे, हलत्या भागांचे घर्षण कमी करणे आणि पोलादाला गंजापासून वाचवणे या तीन कामांसाठी वापरायचे तेल. ही कामे एकमेकांच्या आड येतात. मळी सोडवणारा द्राव पातळ हवा, गंज रोखणारा थर मात्र चिकटून राहायला हवा. ‘सीएलपी’ (क्लीनर, लुब्रिकंट, प्रिझर्व्हेटिव्ह) या वर्गातली तिन्ही कामांची तेले म्हणजे तडजोड असते. रोज हाताळल्या जाणाऱ्या शस्त्राला ती पुरतात. वर्षातले दहा महिने कपाटात राहणाऱ्या बंदुकीला जाडसर गंजरोधक तेलच हवे.

तेल निवडताना आधी नळीत काय साचते ते पाहावे. काळ्या दारूच्या ज्वलनानंतर वजनाने निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो. त्यातले पोटॅशियमचे क्षार हवेतली ओल ओढतात आणि नळी गंजते. कोकणात शेतीसंरक्षणासाठी परवान्याने बाळगलेल्या ठासणीच्या (तोंडाकडून दारू ठासून भरायच्या) बंदुकांचा हाच मुख्य शत्रू. हे क्षार खनिज तेलात विरघळत नाहीत. उलट त्या तेलाशी मळीचा डांबरासारखा थर होतो. म्हणून आधी गरम साबणपाणी, मग कोरडी चिंदी, नळी पूर्ण वाळल्यावर तेल, हा क्रम मोडू नये. पोटॅशियम क्लोरेट असलेल्या टोपीची (ठोका बसताच पेटून दारू पेटवणाऱ्या भागाची) जुनी काडतुसे वापरली, तर दारू धूरविरहित असली तरी पाण्यानेच धुवावे लागते. १९०४ साली जर्मनीत तयार झालेले बॅलिस्टॉल इथे उपयोगी पडते, कारण ते पाण्यात मिसळून दुधासारखे होते आणि पाणी उडाल्यावर तेलाचा थर मागे राहतो.

आधुनिक रायफलीत गोळीच्या तांब्याच्या आवरणामुळे नळीत तांब्याचा थर बसतो. त्यासाठी अमोनियायुक्त द्राव लागतो. तो बाटलीवर दिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नये आणि निकेलच्या मुलाम्याला लावूच नये. चिंदी निळी-हिरवी निघाली की तांबे सुटते आहे असे समजावे. मात्र पितळी ब्रशनेही हाच रंग येतो, त्यामुळे अनेक जण फसतात.

सफाईपूर्वी बंदूक रिकामी करून चेंबर (काडतूस बसते ती नळीची मागची जागा) डोळ्याने आणि बोटाने तपासावे. काडतुसे टेबलावर नकोत. नळी पुसायचा गज शक्यतो चेंबरच्या बाजूने घालावा, कारण नळीच्या तोंडाची कड झिजली की नेम बिघडतो. लष्करी रिवाजात पुसायची चिंदी ४×२ इंचांची आणि तेलाची ४×१½ इंचांची असते. तेलाची चिंदी सैल राहावी, म्हणजे ती तेल पुसून काढत नाही.

तेल कमी पडण्यापेक्षा जास्त झाल्याने होणारे बिघाड अधिक दिसतात. बोल्टच्या (चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागाच्या) घासणाऱ्या जागी एखादा थेंब पुरतो. फायरिंग पिनच्या (टोपीवर ठोका देणाऱ्या खिळीच्या) पोकळीत तेल साचले की त्यात धूळ व मळी घट्ट बसते, पिनचा ठोका हलका पडतो आणि काडतूस उडत नाही. झिरपलेले तेल काडतुसाची टोपीही निकामी करू शकते. नळीत राहिलेल्या तेलाने पहिली गोळी भलतीकडे जाते, चेंबर ओले असेल तर बोल्टवर ताण वाढतो. म्हणून बार काढण्यापूर्वी दोन्ही कोरडे पुसावेत. बंदूक उभी ठेवली तर जादा तेल दस्त्यात उतरून लाकूड मऊ पडते. तेल लावल्यावर एक रात्र नळी खाली करून ठेवलेली बरी.

जवसाचे तेल दस्त्यासाठी उत्तम, यंत्रणेत मात्र ते वाळून राळ होते. खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली थिजते, म्हणजे घाटावरच्या हिवाळी पहाटे चाप-घोडा जड चालतो. डब्ल्यूडी-४० पाणी हाकलण्यासाठी बनवले गेले. टिकाऊ वंगण म्हणून ते अपुरे आहे. स्प्रिंगच्या एअर रायफलीत, दाब तयार होतो त्या नळकांड्यात खनिज तेल पडले, तर दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेट घेते आणि सील व स्प्रिंग खराब होतात. तिथे निर्मात्याने सांगितलेले सिलिकॉन तेल, तेही थेंबभरच.

किनारपट्टीवर पावसाळ्यात दर पंधरवड्याला नळी उघडून पाहावी. कातडी म्यानात बंदूक ठेवू नये, कारण चामडे ओल धरते आणि तेलाचा थर शोषून घेते.