वृषणकोश कॅल्सिनोसिस

वृषणकोशाच्या त्वचेत कॅल्शियमचे क्षार साचून कठीण गाठी होण्याचा एक विरळा, निरुपद्रवी विकार. त्याचे पहिले वर्णन १८८३ मध्ये लेविन्स्की यांनी केले. गाठी बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान दिसू लागतात व वर्षानुवर्षे सावकाश वाढतात. काही मिलिमीटरपासून दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत आकार, पांढुरका वा पिवळसर रंग. त्या सहसा दुखत नाहीत. क्वचित खाज येते किंवा एखादी फुटून खडूसारखा चुरा बाहेर पडतो. लाजेपोटी अंगावर काढलेले दुखणे बऱ्याचदा तेव्हाच डॉक्टरांपर्यंत पोहोचते.

रक्तातील कॅल्शियम व फॉस्फरसचे प्रमाण सामान्य असते. त्यामुळे दूध किंवा पानातला चुना बंद करून काही साधत नाही. गाठी मुळात कशा बनतात यावर मतभेद आहेत. त्वचेतल्या जुन्या पुटींमध्ये (पिशवीसारख्या बंद पोकळ्यांमध्ये) क्षार साचतात, असे अनेक विकृतिशास्त्रज्ञ मानतात. काहींच्या मते सुरुवात डार्टॉस या त्वचेलगतच्या पातळ स्नायूच्या ऱ्हासातून होते. पुष्कळ गाठींत पुटीचे अस्तर सापडत नाही, म्हणून वाद मिटत नाही.

मलम वा गोळ्यांनी गाठी विरघळत नाहीत. त्या काढायच्या तर शस्त्रक्रियाच करावी लागते. मोजक्या गाठी जागा बधिर करून एकेक काढता येतात. दाटीने असतील तर मणक्यात भूल देऊन तेवढा त्वचेचा पट्टाच कापतात. येथील त्वचा सैल व लवचिक असल्याने बराच भाग गेला तरी उरलेल्या कडा सहसा ओढून शिवता येतात, टाकेही विरघळणारे घालतात. जवळजवळ सगळी त्वचा व्यापली असेल तरच शेजारची त्वचा वळवून किंवा कलम लावून वृषणे झाकावी लागतात. विकार त्वचेपुरता असल्याने वृषणांना हात लावावा लागत नाही. शस्त्रक्रियेने पुरुषत्व जाईल ही भीती निराधार आहे.

शस्त्रक्रियेत रक्तस्राव नीट थांबवण्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण सैल ऊतींत रक्त चटकन साकळते. नंतर काही दिवस आधार देणारी घट्ट चड्डी वा लंगोट वापरायला सांगतात. काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर निदान पक्के होते. डोळ्यांना न दिसलेले बारीक दाणे मागे राहिले, तर काही वर्षांनी तेच वाढून नव्या गाठी दिसू शकतात.