ब्रेक पद्धत

कारखान्यातील तात्पुरत्या कामगाराची सेवा २४० दिवस भरण्याआधी खंडित करून, काही दिवसांनी त्याला नव्या नेमणूकपत्रावर पुन्हा कामावर घेण्याची प्रथा. नाशिकच्या सातपूर, अंबड औद्योगिक वसाहतींत हिला नुसते ‘ब्रेक देणे’ म्हणतात. मशीन तेच, शिफ्ट तीच. बदलतो तो गेटपास आणि हजेरीपटावरचा क्रमांक, क्वचित ठेकेदारही.

२४० हा आकडा मूळ औद्योगिक विवाद अधिनियमात (१९४७) नव्हता. १९५३ च्या दुरुस्तीने कपातीच्या, म्हणजे कामगार कमी करण्याच्या, भरपाईचे प्रकरण ५-अ आले. त्यातील कलम २५-ब नुसार बारा महिन्यांत २४० दिवस काम झाले की वर्षाची सलग सेवा धरली जाऊ लागली. पगारी रजेच्या हिशेबातून हा आकडा आला असावा, असे सहज वाटते. परंतु कारखाने अधिनियमात रजेसाठी २४० दिवसांची अट १९५४ च्या दुरुस्तीने आली, त्यामुळे कालक्रम या तर्काला अनुकूल नाही. रविवार व पगारी सुट्ट्या या दिवसांत मोजाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकन एक्सप्रेस प्रकरणात (१९८५) ठरवले. दिवस भरल्याचे सिद्ध करण्याचा भार मात्र कामगारावरच राहिला (हदिमनी प्रकरण, २००२). हजेरीपट मालकाच्या कपाटात असतो, हे पाहता ही अट हलकी नव्हे.

२४० दिवस भरले की माणूस ‘पर्मनंट’ होतो, ही समजूत कलम २५-ब ला लावली जाई. त्या कलमाच्या आधारे कपातीच्या वेळी एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन एवढेच मिळे. कायम करण्याचा हक्क महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांतील (नोकरीच्या अटींचे नमुना नियम) ४-सी या खंडातून येतो. हंगामी उद्योगांत तेथे १९० दिवस पुरतात. शिवाय कायमपणाचे लाभ नाकारण्याच्या हेतूने बदली (गैरहजर कामगाराच्या जागी घेतलेले) वा तात्पुरते कामगार वर्षानुवर्षे तसेच ठेवणे, ही १९७१ च्या राज्य अधिनियमानुसार अनुचित कामगार प्रथा ठरते. तात्पुरत्या सरकारी नोकरांना केवळ दीर्घ सेवेमुळे कायम होण्याचा हक्क नाही, असे सांगणाऱ्या उमादेवी निकालाने (२००६) हा मार्ग बंद झाल्याचा युक्तिवाद कास्ट्राइब प्रकरणात (२००९) मान्य झाला नाही.

कडक कायद्यामुळे बेरोजगारी वाढते का, यावर एकमत नाही. १०० वा अधिक कामगारांच्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी लागे (१९७६ च्या दुरुस्तीत ही मर्यादा ३०० होती, १९८२ च्या दुरुस्तीने ती घटली). बेस्ली आणि बर्जेस (२००४) या अर्थतज्ज्ञांनी कामगारधार्जिण्या दुरुस्त्या करणाऱ्या राज्यांत नोंदणीकृत कारखानदारीतील उत्पादन व रोजगार घटल्याचे दाखवले. त्यांच्या वर्गीकरणात महाराष्ट्र त्याच गटात होता. आदित्य भट्टाचार्य यांनी (२००६) एकेका दुरुस्तीला गुण देण्याच्या या रीतीवर घेतलेले आक्षेप अधिक सयुक्तिक वाटतात. कायद्याच्या पुस्तकापेक्षा त्याची अंमलबजावणी पाहिली, तर एकाच छताखाली कायम आणि ब्रेकवाले असे दोन थर दिसतात. पहिल्याला संरक्षण असते, तर मंदीचा फटका दुसऱ्याला आधी बसतो.

ठरावीक मुदतीचा करार संपणे ही कपात नव्हे, अशी तरतूद १९८४ पासून आहे. १९४७ च्या अधिनियमाची जागा घेत २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने परवानगीची मर्यादा पुन्हा ३०० केली. त्याच दिवशी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार मुदतीच्या कामगाराला वर्षभराच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी मिळते.