वाऱ्याच्या दिवशी शिखरावर येताय? मग हे आधी वाचा

नमस्कार मंडळी,

एका दिवसात शिखर करून परत यायचा ट्रेक बुक केला की सगळ्यांचे प्रश्न ठरलेले असतात, किती किलोमीटर, चढ किती, खाली कितीला पोचणार. वाऱ्याचं मात्र फारसं कोणी विचारत नाही, आणि वरच्या धारेवर माणसाला सगळ्यात जास्त दमवतो तो वाराच. म्हणून आमच्यासोबत येणाऱ्या प्रत्येकाने हे पत्रक एकदा नीट वाचावं अशी मनापासून विनंती आहे.

आधी वेळेचं बघू. १८९२ साली नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक हिशोब दिला होता तो अजूनही चालतो, ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे १४ किलोमीटर आणि १२०० मीटर चढ असला तर पावणेपाच-पाच तास, पण हे नुसतं चालण्याचे, थांबे धरून नाही, आणि हवा चांगली असेल तर. जोरदार वारा असला की आम्ही यात निम्मा वेळ सरळ वाढवून धरतो, त्यामुळे पहाटे लवकर का निघायचं यावर प्लीज वाद नको.

वारा एवढा का दमवतो? कारण वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी ३० चा वारा छान वाटतो, ६० चा झोत आला की अंगावर साधारण १० किलोचा रेटा येतो, आणि ९० ला तो २० किलोच्याही वर जातो. हा रेटा एकसारखा नसतो ही खरी अडचण आहे, झोत येतो तेव्हा तुम्ही त्याच्यावर रेलून उभे राहता आणि तो अचानक थांबला की वारा ज्या बाजूने येत होता त्याच बाजूला तोल जातो. पाय उचलून दगडावर टेकवायचा तर तो चार बोटं बाजूलाच पडतो, मग पुन्हा सावरायचं, असं तासभर केलं की मांड्या आणि कंबर भरून येतात. त्यात उंची असली तर ३००० मीटरवर एका श्वासात समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्केच ऑक्सिजन मिळतो. म्हणून झोत आला की चालू नका, पाय फाकवून गुडघे वाकवा, पोल रोवा, झोत ओसरू द्या मग पुढे.

सगळ्यात बेकार जागा म्हणजे खिंड आणि उघडी धार. डोंगराला आपटलेली हवा वर चढते आणि खिंडीत दाबली जाऊन जोरात सुटते, त्यामुळे खाली पान हलत नसताना वर उभं राहता येत नाही असं होतं. आणि डोंगर फार उंच असायलाच हवा असंही नाही, अमेरिकेतलं माउंट वॉशिंग्टन फक्त १९१७ मीटर आहे पण १९३४ च्या एप्रिलमध्ये तिथे ताशी ३७२ किलोमीटरचा झोत मोजला गेला होता! त्यामुळे फोरकास्ट बघताना पायथ्याच्या गावाचं बघू नका, शिखराच्या उंचीचं बघा, आणि सरासरी वेगापेक्षा झोतांचा आकडा बघा. झोत ६० च्या पुढे दाखवत असतील तर अरुंद धारेचा रूट आम्ही घेतच नाही.

थंडीचं काय

तापमान दर १००० मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. वर ५ अंश असले आणि ४० चा वारा असला की उघड्या कातडीला ते उणे १ सारखं लागतं, आणि अंगातला टीशर्ट घामाने ओला असेल तर विचारूच नका. विंडचीटर, ग्लोव्हज, कानटोपी हे सगळं खिंडीच्या खाली आडोशालाच चढवायचं, वर गेल्यावर बोटं इतकी बधिर होतात की चेन ओढता येत नाही आणि हातातला ग्लोव्ह उडाला की तो गेलाच. पाणी आणि खाणंही तिथेच, भूक नसली तरी चार घास खा, कारण वर कोणाला थांबावंसं वाटत नाही आणि मग उतरताना पायात जीव राहत नाही.

सॅकबद्दल एकच, बाहेर काही लटकवू नका. मॅट आडवी बांधली की तिचं शीड होतं आणि रेनकव्हर तर हमखास उडतं, त्यापेक्षा सामान आत प्लास्टिकच्या पिशवीत भरा. लोंबणारे पट्टेही खोचून टाका, ते फटकन डोळ्यावर बसतात. साधा गॉगल आणा, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर नक्कीच.

धारेवर आरडून काही ऐकू येत नाही, म्हणून खुणा आधीच ठरवतो, दोन्ही हात वर म्हणजे थांबा, हात फिरवला की मागे वळा. बाजूचा माणूस धडपडायला लागला, जीभ जड झाली, साधी गाठ मारता येईना, तर ते फक्त दमणं समजू नका, लगेच लीडरला हात लावून सांगा, अंग गार पडायची ती सुरुवात असते आणि त्याला बर्फ पडायला लागत नाही.

परतीची वेळ निघतानाच ठरलेली असते. माथा दिसत असला, दहा मिनिटांवर असला, तरी त्या वेळेला ग्रुप वळणार. वाईट वाटतं, माहितीये, लांबून आलेले असता, पण आख्खी उतरण अजून बाकी असते आणि दमलेले पाय उतरणीवरच जास्त घसरतात. दोन शिखरांचा प्लॅन असेल तर दुसरं करायचं की नाही हे लीडर पहिल्याच्या खाली आडोशाला ठरवेल, तेव्हा आपण किती दमलोय ते खरं सांगा, लाजू नका.

गुडघ्याचा, दम्याचा, बीपीचा त्रास असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवा. आदल्या संध्याकाळी वाऱ्याचा अंदाज बघून ग्रुपवर मेसेज टाकतो, रूट बदलला असेल तर त्यातच असेल, तो वाचूनच सॅक भरा.