समुदायप्रणीत निर्वासित साहाय्य

युद्ध, यादवी किंवा छळामुळे देश सोडून आलेल्यांना मिळणाऱ्या मदतीची आखणी आणि वाटप निर्वासितांच्या स्वतःच्या व त्यांना सामावून घेणाऱ्या स्थानिकांच्या हाती असावे, या तत्त्वावरची व्यवस्था. दात्याने ठरवायचे आणि निर्वासिताने रांगेत उभे राहायचे, ही जुनी रीत. ती मोडण्याचा हा प्रयत्न आहे. २०२४ अखेर जगात सक्तीने विस्थापित झालेले सुमारे १२ कोटी ३२ लाख लोक होते. त्यांपैकी निर्वासित सुमारे ४ कोटी २७ लाख, आणि त्यांतले बहुसंख्य श्रीमंत देशांत नव्हे तर शेजारच्याच देशांत थांबलेले.

१९५१ चा जिनिव्हा करार आणि १९६७ चा पूरक करार निर्वासितांचे हक्क सांगतात, देशांची कर्तव्ये सांगतात. छावणीत धान्याची यादी कोणी करायची, भांडण कोणी मिटवायचे, हे त्यांत नाही. खरा प्रश्न तिथेच सुरू होतो. ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात कॉक्स बाजार भागात आले, तेव्हा प्रशासनाने झोपड्यांच्या गटागटांवर ‘माझी’ नेमले. माझी म्हणजे नावाडी. छावण्यांत पुढाऱ्यालाही तोच शब्द रूढ झाला. मदतीच्या याद्या, निरोप, तंटे सगळे याच माणसाकडून जाऊ लागले. तो वस्तीतलाच होता, पण वस्तीने निवडलेला नव्हता, आणि बहुतेक ठिकाणी पुरुषच होता. यादीत नाव घालण्यासाठी पैसे मागितल्याच्या तक्रारी लवकरच येऊ लागल्या. पुढे काही छावण्यांत निवडणुका घेऊन स्त्रियांचा समावेश असलेल्या समित्या नेमल्या गेल्या. समुदायातला माणूस आणि समुदायाचा माणूस यांतला फरक या उदाहरणाइतका स्पष्ट क्वचितच दिसतो.

नियोजनाविना उभी राहणारी व्यवस्थाही नजरेआड करता येत नाही. जॉर्डनमध्ये जुलै २०१२ मध्ये सुरू झालेल्या झातारी छावणीत अधिकाऱ्यांनी पत्र्याच्या खोल्या ओळीने मांडल्या. सीरियन कुटुंबांनी चाकांचे गाडे बनवून त्या ओढत नेल्या, नातेवाइकांशेजारी लावल्या, मधे अंगण काढले. मुख्य रस्त्यावर दुकाने लागली आणि पॅरिसच्या ‘शाँझेलिझे’ या रस्त्यावरून त्याला ‘शाम-एलिझे’ नाव पडले. ‘शाम’ हे दमास्कसचे, व्यापक अर्थाने सीरियाचेही अरबी नाव.

निर्वासितांनीच चालवलेल्या संस्थांत चेन्नईची ‘ऑफर’ (ईलम निर्वासित पुनर्वसन संघटना, या इंग्रजी नावाचे लघुरूप) ही जुनी संस्था आहे. श्रीलंकेतून आलेल्या तमिळांनी एस. सी. चंद्रहासन यांच्या नेतृत्वाखाली ती १९८४ मध्ये स्थापन केली. शिक्षण व आरोग्याबरोबर तिने भारतात जन्मलेल्या मुलांची जन्मनोंद आणि श्रीलंकेचे नागरिकत्व मिळवून देण्याचे काम केले. मायदेशी परतल्यावर पहिल्याच खिडकीवर कोणता कागद मागतील, हे परक्या तज्ज्ञापेक्षा त्या लोकांना चांगले ठाऊक होते.

दुसरा प्रकार यजमान समाजाच्या पुढाकाराचा. कॅनडात १९७० च्या दशकाच्या अखेरीस पाच किंवा अधिक नागरिकांच्या गटाला, तसेच चर्चसारख्या संस्थांना, निर्वासित कुटुंबाची साधारण वर्षभराची जबाबदारी घेता येऊ लागली. १९७९-८० मध्ये व्हिएतनाम, कंबोडिया, लाओसमधून आलेल्या सुमारे ६०,००० जणांपैकी निम्म्याहून अधिक असेच आले. सरकार जितक्यांना आणते त्यांच्यापेक्षा हे वेगळे व जादा असावेत, असे या योजनेचे तत्त्व आहे; त्यामुळे सरकारला अंग काढून घेण्याची सोय राहत नाही, निदान कागदावर तरी. मात्र कोणाला आणायचे हे प्रायोजक सुचवू शकतात, म्हणून आधीच नातेवाईक पोहोचलेल्यांचे फावते. शिवाय घरभाडे भरणाऱ्यापुढे ‘नाही’ म्हणणे अवघड. उपकाराचे ओझे कुठल्याच करारपत्रात लिहिलेले नसते.

देशांच्या पातळीवरील विषमता २०२२ मध्ये उघड झाली. युक्रेनमधून आलेल्यांसाठी युरोपीय संघाने आपला २००१ चा तात्पुरत्या संरक्षणाचा निर्देश प्रथमच लागू केला आणि निवास, काम, शाळा यांचा हक्क लगेच दिला. इतर युद्धांतून आलेले आश्रयाच्या अर्जावर निकालाची वाट पाहत राहिले.

पैसा ही सर्वांत अवघड गाठ. २०१६ च्या ‘ग्रँड बार्गेन’ या दाते व मदतसंस्था यांच्यातील करारात २०२० पर्यंत किमान २५ टक्के निधी शक्य तितक्या थेटपणे स्थानिक व राष्ट्रीय संस्थांना देण्याचे ठरले. ते साधले नाही. नोंदणी, लेखापरीक्षण, बँक खाते या अटी मोठ्या संस्थांना सोप्या. ज्यांना बँक खातेच उघडता येत नाही, अशा निर्वासितांच्या गटाला त्या पार करणे जवळपास अशक्य.

युगांडात २००६ च्या कायद्याने निर्वासितांना कामाचा व फिरण्याचा हक्क आहे. बिडीबिडीसारख्या वसाहतींत जमिनीचा तुकडा मिळतो, निर्वासित कल्याण परिषदा निवडल्या जातात. तरीही २०२३ मध्ये निधी आटल्यावर जागतिक अन्न कार्यक्रमाने कुटुंबांचे तीन गट केले: सर्वांत गरजूंना ६० टक्के शिधा, मधल्यांना ३० टक्के, उरलेल्यांना काही नाही. निधी किती येणार हे ठरवणे परिषदांच्या हाती नव्हते. शेजाऱ्याचे नाव वरच्या गटात आणि आपले खालच्या गटात का, हा प्रश्न मात्र वसाहतीतच विचारला गेला.