युरिक ॲसिड आणि फॅटी लिव्हर यांची गाठ कशी पडली

सांगली-मिरजेपासून इस्लामपूर-कराडपर्यंत कुणाचा पायाचा अंगठा रात्रीत सुजून लाल झाला, की सकाळी सल्ला ठरलेला: डाळ बंद, पालक बंद, टोमॅटो बंद. रक्त तपासलं की युरिक ॲसिड वाढलेलं निघतं. पुढे कधीतरी पोटाची सोनोग्राफी होते आणि त्यात ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’, म्हणजे यकृतात थोडी चरबी साठलेली, असं येतं. दोन्ही रिपोर्ट एकाच फायलीत पडून राहतात.

वैद्यकानंही हे दोन धागे फार उशिरा जोडले. अंगठा सुजवणाऱ्या या आजाराशी, म्हणजे गाउटशी, जुळणाऱ्या वातरक्तावर चरकसंहितेत स्वतंत्र अध्याय आहे. युरिक ॲसिड रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी १७७६ मध्ये मूतखड्यात शोधलं, तर गाउटच्या रुग्णाच्या रक्तात ते इंग्लिश डॉक्टर गॅरॉड यांनी १८४८ मध्ये दाखवलं. यकृतातली चरबी मात्र दारूच्याच खात्यावर मांडली जायची. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. लुडविग यांनी १९८० मध्ये दारूचं व्यसन नसलेल्या २० रुग्णांच्या यकृतात तसेच बदल नोंदवले, तेव्हा कुठे चर्चा बदलली.

मग लक्ष गेलं साखरेकडे, म्हणजे आपल्या उसाच्या पट्ट्याच्या घरच्याच मालाकडे. साखरेत निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. फ्रुक्टोज मुख्यतः यकृतात जिरतं, आणि तिथे त्याला फारसा लगाम नसतो. ते फोडताना पेशीतलं एटीपी, म्हणजे ऊर्जेचं चलन, झपाट्यानं खर्ची पडतं आणि त्याच्या अवशेषांतून युरिक ॲसिड बनतं. जास्तीच्या फ्रुक्टोजच्या काही भागाची चरबी होते, तीही तिथेच. भरीला पोट सुटलं, इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं, की मूत्रपिंडही युरिक ॲसिड अडवून धरतं. गुळातही मुख्यतः साखरच असते, हे गुऱ्हाळाच्या गावात पटवून देणं अवघड!

युरिक ॲसिड स्वतः यकृतात चरबी साठवायला लावतं का? प्रयोगशाळेत तसं दिसलंय, माणसांत वाद चालू आहे. त्यामुळे युरिक ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या हा काही फॅटी लिव्हरचा मान्य उपचार नाही.

डाळीवरचा आरोप मात्र टिकला नाही. २००४ च्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत मांस आणि मासळीनं गाउटचा धोका वाढला; प्युरिन (ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनतं) जास्त असलेल्या भाज्या-डाळींनी नाही. २००८ मध्ये त्याच गटात साखरेची पेयं दोषी ठरली. इकडे डाळ सोडलेला माणूस गोड चहा आणि रसवंतीवरचा ग्लास तेवढाच चालू ठेवतो. वजन हळूहळू उतरलं तर दोन्ही आजारांना उतार पडतो. एकदम कडक उपास धरले तर मात्र युरिक ॲसिड उलट चढतं आणि अंगठा पुन्हा ठणकू शकतो.