बाळ हलतं, त्याला फोन काय करणार?

"फोन सत्तर हजारांचा आणि फोटो हललेला! मामा, कॅमेरा बिघडलाय का बघ ना."

भाचीचं इंदुरातल्या राजेंद्रनगरमधलं घर, संध्याकाळची वेळ. तिची दहा महिन्यांची लेक पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने पोहे तोंडात कोंबत होती. फोटोत ताटली स्वच्छ, गळ्यातलं लाळेरं स्वच्छ, हाताच्या जागी मात्र पिवळट धुकं. कॅमेरा ठणठणीत होता. महाग फोनमध्ये फोटो हलत नाहीत, हा समज तेवढा चुकीचा.

फोटो म्हणजे एक क्षण, असं आपण म्हणतो. खरं तर तो वेळेचा एक तुकडा असतो. त्या फोटोची माहिती उघडून पाहिली, तर हा तुकडा १/१५ सेकंदाचा निघाला. बाळाचा हात सेकंदाला एक मीटर वेगाने जातो असं धरा. तेवढ्या वेळात तो सुमारे साडेसहा सेंटीमीटर सरकतो, म्हणजे त्याच्या स्वतःच्या रुंदीहून जास्त. १/५०० सेकंदात तोच हात फक्त २ मिलिमीटर सरकेल.

मग फोन १/५०० का घेत नाही? कारण प्रकाश पुरत नाही, आणि मला खरी गंमत वाटते ती इथे. प्रकाश फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, थेंबांनी येतो, पावसासारखा. अंगणात सारख्या वाट्या मांडून ठेवल्या आणि वाटीमागे सरासरी चार थेंब पडले, तर कुठे दोन, कुठे सहा. तासभर धो धो पडला की सगळ्या जवळपास सारख्या भरतात. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल अशीच एक वाटी. सरासरी १०० फोटॉन पडणार असतील तर चढउतार साधारण १०० च्या वर्गमुळाइतका, १० चा. म्हणजे दहा टक्के. १०,००० पडले तर चढउतार १०० चा, म्हणजे एकच टक्का. फोटोतले रवाळ ठिपके ते हेच. सेन्सर कितीही भारी घ्या, हा चढउतार प्रकाशाचा स्वतःचा आहे.

नाइट मोड यावर तोडगा काढतो: नऊ फोटो पटापट घ्यायचे आणि सरासरी काढायची, की रवाळपणा एक तृतीयांशावर येतो. राजवाड्याचा फोटो त्यामुळे सुरेख येतो, कारण राजवाडा जागचा हलत नाही. बाळ नऊ फोटोंत नऊ ठिकाणी असतं. मग काही फोन 'एआय'ने चेहरा रेखीव करून देतात. त्यातल्या पापण्या बाळाच्याच असतील याची खात्री नाही. जाहिरातीत हे सांगत नाहीत.

ही अडचण जुनीच. पुढे नामांकित छायाचित्रकार झालेले लाला दीनदयाळ इंदुरात बांधकाम खात्यात नोकरीला होते. १८७० च्या दशकात इथेच त्यांनी कॅमेरा हाती धरला आणि इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्यांना प्रोत्साहन दिलं. तेव्हा चलती होती ती १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने जाहीर केलेल्या ओल्या कोलोडियनच्या काचेची, म्हणजे ओल्या रसायनाचा थर दिलेल्या काचेची, जिच्यावर फोटो उमटे. स्टुडिओत तिला कित्येक सेकंद प्रकाश द्यावा लागे. युरोप-अमेरिकेत त्या काळचे तान्ह्या मुलांचे असे फोटो सापडतात, ज्यात मूल खुर्चीवर बसलेलं दिसतं, पण खुर्ची जरा विचित्र फुगलेली असते. कापडाखाली आई बसलेली असते, मुलाला घट्ट धरून.

एवढ्यात आतून आजीबाई म्हणाल्या, "सारखे फोटो काढू नका गं, दृष्ट लागते पोरीला." कॅमेरा बाळाचं काहीच घेत नाही. तिच्यावरून उसळलेला प्रकाश कॅमेऱ्यात गेला नसता, तर भिंतीवर गेला असता. आजींना हे पटलं नाही. त्यांनी काजळाची तीट लावलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताटली गॅलरीत नेली. संध्याकाळच्या दिवाणखान्यात साधारण १०० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) उजेड असतो, सकाळच्या मोकळ्या सावलीत सहज १०,०००. वेळ तेहतीसपट कमी केला तरी प्रकाश तिप्पट मिळतो. शटर १/५०० वर ठेवून मी भाचीच्या हातात फोन दिला. बोटावरचा जिरावण मसाला, हनुवटीला चिकटलेली शेव, हवेत सुटलेला पोह्याचा एक दाणा, सगळं टिपलं गेलं. फक्त ऐन वेळी बाईसाहेब फोन पकडायला पुढे झेपावल्या, त्यामुळे नाक धूसर आलं. तो दोष फोकसचा. त्यावर शटरकडे उपाय नाही.