स्मृतिखिडकीवरचं नाव: काच भट्टीत जाण्याआधी एवढं वाचा

शाळेच्या माजी विद्यार्थ्याला युद्धात वीरमरण आलं आणि त्याच्या आठवणीसाठी सभागृहात किंवा जिन्यात रंगीत काचेची खिडकी करायचं ठरलं, की समितीच्या चार बैठका चित्रावर होतात. झाड हवं की उगवता सूर्य, गणवेशातला मुलगा हवा की मैदानावरचा. खाली लिहायच्या तीन ओळी मात्र कुणीतरी घाईत फोनवर टाइप करून पाठवतं. आमच्या कामातला सगळ्यात जास्त वेळ या तीन ओळींनी खाल्ला आहे, म्हणून हे पत्रक.

पुन्हा पुन्हा येणारा प्रश्न असा: “एक वेलांटीच बदलायची आहे, पुसून नाही का होणार?” नाही होणार. काचेवर लिहायचा रंग म्हणजे काचेचीच बारीक पूड आणि लोखंडासारख्या धातूंची ऑक्साइडं. डिंकाच्या पाण्यात कालवून तो लावतात. भट्टीत जाण्याआधी तो बोटानेही पुसला जातो. सुमारे 650 अंश सेल्सिअसला भाजला की तो खालच्या काचेत वितळून बसतो. मग उरतो तो काच खाणाऱ्या ॲसिडचा मार्ग, आणि त्याने अक्षराबरोबर भोवतीची चकाकीही जाते.

खिडकी म्हणजे शिशाच्या पट्ट्यांत बांधलेले काचेचे तुकडे, तेव्हा चुकलेल्या अक्षराचा तुकडाच नवा करायचा. त्यासाठी खिडकी उतरवायची, फटींत भरलेली लांबी खरवडायची (खडूची पूड आणि जवसाचं तेल, वाळलं की दगड होतं), डाख सोडवायचा, शिशाच्या पट्टीच्या कडा उचलून जुनी काच काढायची. नवी काच कापून, रंगवून, भाजून बसवली की पुन्हा डाख, पुन्हा लांबी, आणि ती सुकण्याची वाट. वर हाताने बनवलेल्या काचेच्या दोन तावांची छटा क्वचितच सारखी येते. दुरुस्ती ओळखू येते.

चुका बहुतेक नावातच होतात. एका शाळेने हजेरीपटातलं नाव दिलं, ‘सुनील’. व्याकरणाने बरोबर. खिडकी बसवायला गेलो तर आई समोर उभी. ओळीवरून बोट फिरवत ती म्हणाली, “माझा मुलगा सही करताना पहिली वेलांटी काढायचा.” मुख्याध्यापकांनी शुद्धलेखनाचा नियम सांगून पाहिला. आम्ही खिडकी परत नेली. तेव्हापासून आमचा नियम एकच: तो स्वतः जसं लिहीत होता, तसं. सैन्याच्या कागदांवर वेगळं असेल तर घरच्यांना विचारा, समितीला नव्हे.

नावानंतर हुद्दा आणि तारीख. मरणोत्तर सन्मान कधी कधी महिन्यांनी जाहीर होतो. तशी शक्यता असेल तर आधी सांगा, आम्ही ओळीत जागा सोडतो. तारीख मृत्यूची लिहायची, बातमी कळली त्या दिवसाची नव्हे. ‘शहीद’, ‘हुतात्मा’ की ‘वीरगती’ हा वाद रंगणारच. तो आमच्याकडे येण्याआधी संपवा.

आम्ही मजकूर फोनवर घेत नाही, कागदावर घेतो, खाली घरच्या एका माणसाची आणि मुख्याध्यापकांची सही. मग पूर्ण मापाचं रेखाटन खिडकीच्या जागी आठ दिवस चिकटवतो. काहींना हा नखरा वाटतो, एका ग्राहकाने तसं तोंडावर सांगितलंही. पण टेबलावर सुबक दिसणारं अक्षर उंचावर, मागून ऊन आल्यावर वेगळंच वागतं. उजेड पसरतो. उजळ काचेवरच्या काळ्या अक्षराचा अनुस्वार उजेड खाऊन टाकतो. काळ्यातून कोरून काढलेलं उजळ अक्षर फुगतं आणि ‘ब’चं पोट भरून त्याचा ‘व’ दिसू लागतो. म्हणून आम्ही दीड इंचापेक्षा लहान अक्षर करत नाही आणि छापील टंक जसाच्या तसा उतरवत नाही.

छापील फिल्म चिकटवणं स्वस्त पडतं, हे खरं आहे. तात्पुरत्या सजावटीला ती ठीक. उन्हात ती विटते, भाजलेला रंग विटत नाही. शिशात बांधलेली खिडकी उतरवून पुन्हा लावताही येते. फ्रान्समधल्या शार्त्र कॅथेड्रलच्या मध्ययुगीन काचा 1918 आणि 1939 मध्ये युद्धामुळे काढून ठेवल्या होत्या, त्या आजही जागेवर आहेत. हेच ध्यानात ठेवून आम्ही नावाची पट्टी चित्रापासून वेगळ्या चौकटीत करतो. उद्या नावाच्या तुकड्याला तडा गेला तर चित्राला हात लावावा लागत नाही.

निगा फार नाही. अमोनियाचं क्लीनर नको, मऊ कोरडा ब्रश पुरे. मुलांची चित्रं टेपने काचेवर लावू देऊ नका. टेप निघताना जुना, सैल झालेला रंग घेऊन निघते. मैदानाच्या बाजूला बाहेरून संरक्षक काच लावायची तर वर-खाली हवेला फट ठेवा, नाहीतर आत पाणी धरतं.

प्रत्येक कामाच्या तावातला एक तुकडा आणि मूळ रेखाटन आम्ही शाळेच्या नावाने जपून ठेवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. पहिल्या भेटीला येताना फोटो नसला तरी चालेल, त्याने केलेली एखादी सही आणा. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावरची असली तरी पुरते.